तालीम सोडली, खुराक अर्धा केला, तरी भूक तीच. लेप्टिन घेऊन कमी होईल का?

लेप्टिनची गोळी नसते. ते मेंदूला 'आता पुरे' सांगणारं, अंगातच बनणारं प्रथिन आहे, गिळलं की डाळीसारखं पचून जातं. त्या नावाने ऑनलाइन विकतात त्या कॅप्सूलवर एक रुपया घालवू नका.

पण प्रश्नात तुम्ही लिहिलंय की आता दिवसभर दुकानात बसून असता, पोट सुटलंय आणि घरचे 'जिभेवर ताबा ठेव' म्हणतात. त्यावर बोलायलाच पाहिजे. रंकाळ्यावर फिरायला येणारे निम्मे लोक हेच ऐकवतात आणि माझं त्यांच्याशी कधीच पटलेलं नाही. भुकेचा हिशेब मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये चालतो.

अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीत डग्लस कोलमन यांच्याकडे दोन जातींचे जाडे उंदीर होते, ओबी आणि डीबी. दोन्ही सारखेच खादाड. त्यांनी उंदरांच्या जोड्या कुशीला कुशी लावून शिवल्या, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात जाईल. डीबीला साधा उंदीर जोडला, तर साध्याने खाणं सोडलं आणि तो उपाशी मेला. डीबीला ओबी जोडला, तर ओबीची तीच गत. डीबी मात्र जाडाच राहिला. ओबीला साधा जोडला, तेव्हा ओबीचं खाणं कमी झालं. यावरून कोलमन यांनी ताडलं की रक्तात 'आता पुरे' सांगणारं काहीतरी फिरतं. ओबीच्या अंगात ते तयारच होत नाही, डीबीच्या अंगात होतं पण मेंदूला ऐकू जात नाही. 1994 साली रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला त्यामागचा जीन (जनुक) सापडला. त्यातून बनतं तेच लेप्टिन, चरबीच्या पेशींतून येणारं. 2010 मध्ये दोघांना मिळून वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. आता यात जीभ कुठे आली?

मग जाड्या माणसांना लेप्टिन टोचून पाहिलं, तर बहुतेकांचं वजन फारसं हललं नाही. त्यांच्या रक्तात ते आधीच भरपूर होतं. जन्मापासून ज्यांना ते बनतच नाही अशी मोजकी मुलं सापडली, त्यांना मात्र जबरदस्त गुण आला.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी आहेत. खुराक एकदम अर्धा केला की चरबी उतरायच्या आधीच लेप्टिन घसरतं. मेंदू दुष्काळ समजतो आणि भूक वाढवतो. दुसरं, ज्याँ मेयर यांनी 1956 मध्ये बंगालच्या ताग गिरणीतल्या लोकांचं खाणं मोजलं होतं. मेहनत कमी तसं खाणं कमी, हे एका मर्यादेपर्यंतच दिसलं. अगदी बैठं काम करणारे कारकून आणि दुकानदार हलकी मेहनत करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते.

म्हणून खुराक टप्प्याटप्प्याने उतरवा. आधी तूप आणि बदामाची थंडाई बंद. मग गंगावेशीतलं धारोष्ण दूध. म्हशीचं अर्धा लिटर म्हणजे सुमारे 500 कॅलरी, आणि पातळ असल्याने पोट भरल्याचं कळतही नाही. अंडी, उसळ, मटण ठेवा, प्रथिनांनी भूक जास्त वेळ दबते. मिसळीतली मटकी खुशाल खा. फरसाण, कट आणि ब्रेडच्या स्लाइस मोजा. दुकानात तासातासाला उठून पाच मिनिटं चाला.

काट्यापेक्षा टेप बरा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) एकच होता, 22.3, पण अंगातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनची 9.1. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून टेप लावा. पुरुषाला 90 सेंटीमीटरच्या वर गेला की उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घ्या. शुगर 126 किंवा जास्त, नाहीतर एचबीए1सी 6.5 टक्के किंवा जास्त आलं की मधुमेह धरतात, पण लक्षणं नसतील तर पुन्हा तपासून खात्री करतात. रक्त कमी असेल तर एचबीए1सी चुकू शकतं.

आणि हो, 'चहात गूळ चालतो' म्हणणाऱ्यांना सांगा, गूळ आपल्याच गुऱ्हाळातला असला तरी बहुतांश साखरच आहे. ग्लुकोमीटर वापरताना बोटाला गूळ चिकटला असेल तर आकडा खोटा चढतो. हात धुवून, पुसून, बोटाच्या कडेला टोचा.

सेमाग्लूटाइडचं इंजेक्शन भूक खरोखर कमी करतं, पण बंद केल्यावर बरंचसं वजन परत येतं. डॉक्टरांशिवाय त्याच्या नादी लागू नका. शुगरच्या गोळ्या आधीच चालू असतील, विशेषतः ग्लिमेपिराइड, तर वरचं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. खाणं घटलं आणि गोळी तीच राहिली तर शुगर 70 च्या खाली जाऊ शकते, दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात. तेव्हा मात्र तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची, आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं.