कंसातली बाई

प्रिय बयो,

हे पत्र मराठीत लिहितेय. तुला देवनागरी वाचता येत नाही, पण कानावर पडलेलं सगळं कळतं, तेव्हा बाबाकडून वाचून घे. (दादा, चष्मा लाव. आणि मधलं काही गाळायचं नाही.) इंग्रजीत लिहायला बसले की मी ऑफिसातली बाई होते, आणि आज मला तुझ्याशी ऑफिसातल्या बाईसारखं बोलायचं नाहीये.

मंगळवारी रात्री तू स्क्रिप्टच्या पानाचा फोटो पाठवलास आणि खाली विचारलंस, "आत्या, घेऊ का?" ईस्ट लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन कुटुंबावरची मालिका. सहा आठवड्यांत दहा भाग वाचायचे, चुकलंमाकलं दाखवायचं. हुद्दा सांस्कृतिक सल्लागार. पैसे एकरकमी, नाव कुठेच नाही. मग पहाटे दोनला दुसरा निरोप : माझं स्पॅनिश हे असं मोडकं, मला मुळात सांगायचा अधिकार तरी काय?

हे दुसरं आधी उरकते, कारण त्याचा मला राग आलाय. 'मला माहीत नाही' हे स्पॅनिशमध्ये सांगताना 'नो से' म्हणायच्या जागी 'नो साबो' म्हणणाऱ्या पोरांना तुझ्या आईकडच्या मेक्सिकन मावश्या-माम्या हसतात, ठाऊक आहे. तू पाच वर्षांची असताना 'मी केलं' न म्हणता 'मी करलं' म्हणायचीस, तेव्हा आम्हीही हसायचो. म्हणून काय तू आमची नव्हतीस? गायिका सेलेना टेक्सासात इंग्रजी बोलत वाढली, पहिली गाणी तिने स्पॅनिश शब्द घोकून म्हटली, नीट बोलायला नंतर शिकली. 1995 मध्ये ती गेली तेव्हा तेवीस वर्षांची होती, तुझ्याहून एका वर्षाने लहान. तिला अधिकार कोणी दिला होता, की अर्ज केला होता तिने? पुरे. हा विषय परत काढायचा नाही.

आता ते पान. आजी रडते, छातीवर क्रॉसची खूण करते, "आय दिओस मिओ" (अरे देवा) म्हणते आणि नातवाला चप्पल फेकून मारते. एका पानात चारही! तुझ्या अबुएलाला, आईच्या आईला, मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते. ती काय करते? डॉजर्सची, म्हणजे लॉस एंजेलिसच्या बेसबॉल संघाची मॅच टीव्हीवर लावते, आवाज बंद करते आणि शेजारी रेडिओ सुरू करते, कारण तिला मॅच खाइमे हारिनच्याच तोंडून ऐकायची असायची. 1959 पासून तो माणूस डॉजर्सचा खेळ स्पॅनिशमध्ये सांगत होता. 2022 मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा आठवडाभर तिने रेडिओला हात लावला नाही. आणि तिच्या घरी रेडिओ टीव्हीच्या काही सेकंद पुढे चालतो. बॅट हलायच्या आत तिला कळलेलं असतं की चेंडू कुठे गेला. या जोरावर तिने तुझ्या बाबाकडून एकेका डॉलरच्या पैजा किती वर्षं जिंकल्या, विचार त्याला. (दादा, हे तुला आत्ता कळतंय ना? मला वाटलंच.)

ही बाई त्या पानावर कुठे आहे? नाही. आणि तू सल्लागार म्हणून हे त्यांना सांगितलंस तर लगेच लिहून घेतील. छान लिहितील, त्यांना लिहिता येतं. तुझ्या अबुएलाचा रेडिओ दुसऱ्याच्या नावाने जाईल आणि तुझ्या हातात चेक राहील. म्हणून सांगतेय, बयो : सांगू नकोस, लिही.

मी हे का बोलतेय ते ऐक. तुला वाटतं आत्या बरबँकला, स्टुडिओंच्या गावात, 'टीव्हीत' होती. अकरा वर्षं मी कॅप्शनं टाइप केली. पडद्याच्या तळाशी काळ्या पट्टीतल्या त्या ओळी, एका ओळीत फार तर 32 अक्षरं. आमच्याकडे नियम असा, की इंग्रजीखेरीज कोणी काही बोललं आणि वरून मजकूर आला नसेल, तर कंसात टाकायचं : स्पॅनिशमध्ये बोलते. एवढंच. किती बायका मी त्या कंसात घातल्या असतील! मोलकरणी, दाया, हॉस्पिटलात फरशी पुसणाऱ्या, कोर्टात रडणाऱ्या आया.

त्यातली एक अजून डोळ्यांसमोर आहे. श्रीमंतांघरचं स्वयंपाकघर, मालकीण फुलदाणीत फुलं लावत फोनवर बोलतेय, मागे मोलकरीण ओटा पुसतेय. मान न वळवता ती दीड सेकंद काहीतरी पुटपुटते. स्क्रिप्टमध्ये तिथे फक्त 'स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणते' एवढंच होतं. काय म्हणते, ते कुणाला लिहावंसंच वाटलं नव्हतं. मी चार वेळा ऐकलं, कानाला लागलं तसं देवनागरीत चिठ्ठीवर उतरवलं आणि संध्याकाळी तुझ्या अबुएलाला वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली. बाई म्हणत होती, "माझे मागच्या आठवड्याचे पैसे राहिलेत, आणि ही फुलं घेऊन बसलीय." लेखकाने जागा रिकामी सोडली, तर त्या नटीने स्वतःच भरली होती. अख्ख्या भागातलं एकमेव खरं वाक्य. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हटलं, हे घालूया? ते म्हणाले, "नियम काय आहे?" मी कंस टाइप केला. चिठ्ठी अजून माझ्या बटणांच्या डब्यात आहे.

लुपे ओंतिवेरोस नावाची नटी होती, टेक्सासातल्या एल पासोची, आधी समाजसेविका. आपण दीडशे वेळा तरी मोलकरीण झालो असू असं ती स्वतः सांगायची. इंग्रजी झकास, तरी ऑडिशनला गेली की हेल काढून बोलायला लावायचे. आणि रिता मोरेनो? 1962 मध्ये 'वेस्ट साइड स्टोरी'साठी ऑस्कर हातात घेतला, पुढे कित्येक वर्षं तशाच टोळीवाल्या गल्लीतल्या भूमिका दारात येत राहिल्या आणि ती नाही म्हणत राहिली. अभिनय कमी पडला का या दोघींचा? पान दुसऱ्यांच्या हातात होतं.

याउलट होसेफिना लोपेस बघ. मेक्सिकोतून लहानपणी आलेली, कागदपत्रांविना लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्सला वाढलेली पोर. बहिणीच्या शिवणकारखान्यात काम करताना बायका इस्त्रीच्या वाफेत काय काय बोलतात ते ऐकत होती. ती कुणाची सल्लागार झाली नाही. तिने नाटक लिहिलं. त्याचा 'रिअल विमेन हॅव कर्व्ह्ज' सिनेमा 2002 मध्ये पात्रिसिया कार्दोसोने केला. अमेरिका फेरेराचा तो पहिला सिनेमा, आणि तिच्या आईच्या भूमिकेत कोण? ओंतिवेरोस! इतक्या मोलकरणी केल्यावर बाईला घर मिळालं, तेही होसेफिनाने लिहिलेलं. 2019 मध्ये तो सिनेमा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत गेला, लॅटिना दिग्दर्शिकेचा पहिलाच.

तू फोनवर म्हणालीस, "पण निदान दारात पाय तरी पडेल." हे वाक्य मी तुझ्या बाबाच्या तोंडून 2009 मध्ये ऐकलंय. एका मालिकेत हिंदू लग्नाचा भाग होता, मला सल्ल्याला बोलावलं. मी हळद सांगितली, अंतरपाट सांगितला, आणि बोलता बोलता माझी आई मला निरोप देताना जे म्हणाली होती तेही सांगून बसले. चारशे डॉलर मिळाले. भाग लागला तेव्हा आईचं वाक्य लेहंगा घातलेल्या एका बाईच्या तोंडी. आई तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं. शेवटची सगळी नावं संपेपर्यंत बसून राहिले. माझं नव्हतंच, पण मला वाटत होतं निदान आईचं तरी असेल. वेडेपणा.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. कागदावर नाव नसेल तर काम नाही. तीन कामं आली, तिन्ही गेली. कपाटात दोन पटकथा आहेत, दोन्ही कुणी घेतल्या नाहीत. तुझी आई म्हणते माझ्या ताठपणाने माझं नुकसान केलं. झालं असेल! पण त्या दोन्हींवर नाव माझं आहे आणि आतलं एकही वाक्य कुणाला फुकट गेलेलं नाही. तुला हे समाधान फारच किरकोळ वाटेल. चोवीसाव्या वर्षी मलाही वाटलं असतं.

नावाला मोल किती असतं ते तुला कळायला हवं, 2023 मध्ये लेखकांचा संप 148 दिवस चालला तेव्हा तू स्टुडिओच्या फाटकावर पाण्याच्या बाटल्या वाटत होतीस. लेखकांच्या गिल्डमध्ये, म्हणजे त्यांच्या संघटनेत, दोन नावांमध्ये 'अँड' अक्षरांत लिहिला तर त्यांनी वेगवेगळं लिहिलं, आणि '&' या चिन्हाने लिहिला तर जोडीने बसून लिहिलं. एवढ्याशा चिन्हावरून लवाद बसतात, कारण मालिका पुन्हा दाखवली की पैसे त्या नावांना मिळतात. सल्लागाराला कोण विचारतो?

आणि 'उगाच आशा कशाला' हेही नको. 2018 मध्ये तान्या साराचोने बॉइल हाइट्सवरच मालिका केली तेव्हा लेखकांच्या खोलीत सगळी लॅटिनो मंडळी होती. तीन सीझन चालली. फार नाही, पण खोली होती. मालिकेतली बेट्टी तर तुझी लाडकी. बोगोटाच्या फर्नांदो गायतानने ती 1999 मध्ये लिहिली, 2003 मध्ये ती चिपळूणला आमच्या घरी जस्सी होऊन आली आणि माझी आई जेवण पुढे ढकलून तिला बघायची, न्यूयॉर्कला ती पोचली 2006 मध्ये. तिथे श्रेयात गायतानचं नाव होतं. (पुरुषाचं, हो. त्यावर मी वेगळं पत्र लिहीन.)

भाडं भरायचंय हे मला कळतं, मी काही महालात राहत नाही. आधी त्यांना विचार, लेखक म्हणून घेता का? सगळ्यात खालच्या पायरीवर चालेल. नाही म्हणतील बहुतेक. मग घे ते सहा आठवडे. चप्पल काढायला सांग, क्रॉस कमी कर, पदार्थांची नावं सुधार, मेक्सिकोतल्या झाकातेकासच्या दोन शिव्या हव्या असतील तर त्याही दे. रेडिओ देऊ नकोस. पैज देऊ नकोस. ती तुझी आहेत आणि ती तू लिहायची आहेस, या रविवारपासून, बारा पानं, वाईट झाली तरी.

मी रविवारी मॅचच्या आधी येतेय. चिठ्ठी घेऊन येते, तुला बघायची असेल तर.

दादा, पैजेचं तुला आता कळलंच आहे. म्हणून म्हातारीशी भांडायला जाऊ नकोस. पोरीचं लिहून होईपर्यंत गुपचूप हरत राहा.

तुझी,
आत्या