जुन्या पीसीत रॅम टाकण्याआधी

जुन्या पीसीत रॅम आणि ग्राफिक्स कार्ड टाकण्याबद्दल विचारलंस, पण घाईत रॅम मागवू नकोस. आधी आतली रॅमची पट्टी काढून लेबल वाच, त्यावर डीडीआर३, डीडीआर४ असा रॅमचा प्रकार कळतो. मदरबोर्ड (रॅम ज्यात बसते तो मुख्य बोर्ड) डीडीआर३ चा असेल तर डीडीआर४ बसणारच नाही, खाच वेगळ्या जागी असते. तरी जोर लावून स्लॉट मोडणारे नवशिके मी खूप पाहिलेत. विंडोज ३२-बिट प्रकारची असेल तर ती ४ जीबीच्या वरची रॅम वापरत नाही, म्हणून त्यावर खर्च नको.

आणि आपली वेंगुर्ल्याची खारी हवा! पुष्कळदा रॅम खराब नसतेच, सोनेरी टोकांवर काळपट थर चढलेला असतो. पीसीची मागची विजेची वायर काढ, टोकं साध्या खोडरबराने हलकेच पूस, चुरा झटक. बसवताना क्लिपचा ‘टक’ ऐकू आलाच पाहिजे. पडद्यावर काही न येता नुसती बीप वाजली तर घाबरू नकोस, पट्टी काढून परत बसव.

ग्राफिक्स कार्डाचं नंतर बघू. आधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा आतला डबा) किती वॅटचा आहे ते कळव.