ब्रशने रंगवलेल्या मॉडेल विमानावर रेषा उठतात, दुसरा हात दिला की पहिला सोलून येतो. एअरब्रश घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात: कळव्याला राहतो. एअरफिक्स कंपनीचं 1/72 मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतकं) स्पिटफायर मार्क 1 या जुन्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं स्टार्टर किट, आयुष्यातलं पहिलंच विमान. किटसोबत आलेल्या रंगांनी पंख रंगवले तर ब्रशच्या रेषा उठल्या. दुसरा हात द्यायला गेलो तर पहिला सोलून आला. आता एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं यंत्र, घेऊ का? आणि रंगकाम पावसाळा संपेपर्यंत थांबवू का?

उत्तर: एअरब्रश आत्ता घेऊ नका. रेषा उठतात त्या रंग घट्ट असल्यामुळे. रंग सुटतो तो एकतर खालचा हात ओला असल्यामुळे किंवा प्लास्टिक तेलकट असल्यामुळे. एअरब्रश आणलात तरी या तिन्ही गोष्टी जिथल्या तिथेच राहतील, वर त्याचं नोझल, म्हणजे रंग बाहेर पडायचं बारीक तोंड, तुंबायला लागेल ते वेगळंच.

आधी तुमचा रंग नेमका कशामुळे सुटतोय ते बघा. रंगवलेला पंख एक दिवस तसाच ठेवा आणि एखाद्या कोपऱ्यात नखाने हलकेच खरवडा. रंग सालीसारखा अखंड निघाला आणि खाली प्लास्टिक कोरं दिसलं, तर रंगाने मुळात पकडच घेतलेली नाही. साच्यातून भाग सुटावेत म्हणून कारखान्यात वापरलेल्या द्रव्याचा अंश भागांवर राहतो, त्यात आपल्या बोटांचं तेल मिसळतं. नखाने निघाला नाही, पण ब्रश फिरवताना चिखल झाला होता, तर तुम्ही घाई केली. ॲक्रिलिक रंग वरून दहा मिनिटांत कोरडा वाटतो, पण आत ओलाच असतो. त्यावर पाण्याने भरलेला ब्रश गेला की वरची साय फाटते आणि गोळा होते.

पहिल्या कारणावर उपाय सोपा. भाग अजून स्प्रूवर, म्हणजे प्लास्टिकच्या चौकटीवर असतानाच कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवा आणि पुसू नका, वाळू द्या. पाणी कोमटच हवं, कढत पाण्यात पातळ भाग वाकतात. जोडणी झाली असेल तर कॉटन बडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन सगळीकडून पुसा.

सध्याचा रंग काढून टाकायचा असेल तरी हेच अल्कोहोल चालतं. कॉटन बडने दहा-पंधरा मिनिटं ओलं ठेवा, मग टूथब्रशने घासा. पारदर्शक भागांना मात्र ते लागू देऊ नका. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही वापरू नका, त्याने किटचं प्लास्टिक (पॉलिस्टायरीन) विरघळतं आणि पंखावरच्या पॅनेलच्या, म्हणजे पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या रेषा कायमच्या जातात.

जोडाच्या फटीत थोडी लांबी भरा (मॉडेलवाल्यांची ट्यूबमधली पुट्टी, भिंतीची नव्हे) आणि वॉटर पेपर ओला करून आधी 400, मग 800, शेवटी 1000 नंबरने घासा. मग प्रायमर, म्हणजे रंग पकडून ठेवणारा खालचा थर. गाड्यांच्या सामानाच्या दुकानातला स्प्रे स्वस्त पडतो, पण त्यातले काही प्लास्टिक खातात, म्हणून आधी रिकाम्या स्प्रूवर मारून बघा. फ्लॅटमध्ये स्प्रेचा वासही दिवसभर जात नाही. ब्रशने लावायचा पाण्यातला राखाडी प्रायमर नवख्यासाठी बरा. एक पातळ हात द्या आणि चोवीस तास विसरा.

आता रेषांकडे वळू. स्पिटफायरच्या पंखांचा पसारा 11.23 मीटर, म्हणजे तुमच्या मॉडेलवर साधारण 15.6 सेंटिमीटर. या मापात एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा गिलावा. डबीतला रंग तसाच लावला की नेमकं हेच होतं.

पॅलेट म्हणून गोळ्यांची रिकामी स्ट्रिप घ्या, त्यातले खळगे अगदी योग्य मापाचे असतात. एका खळग्यात चार थेंब रंग आणि दोन थेंब पाणी टूथपिकने ढवळा. मग टूथपिकने रंग खळग्याच्या भिंतीवर वर ओढा आणि बघा. हळूहळू खाली उतरताना मागे दुधासारखा पातळ, सलग पडदा राहिला तर प्रमाण जमलं. जागचा हलला नाही तर अजून एक थेंब पाणी. पडदा न राहता थेंबांत फुटला तर पाणी जास्त झालं, थोडा रंग वाढवा. हे प्रमाण पाण्यातल्या ॲक्रिलिकसाठी, किटमधले रंग त्याच जातीचे आहेत. पुढे तामिया कंपनीचे ॲक्रिलिक घेतलेत तर लक्षात ठेवा, त्यांचा थिनर अल्कोहोलचा असतो. ते एअरब्रशमधून सुरेख बसतात, पण ब्रशने दुसरा हात देताना पहिला विरघळवतात. ब्रशसाठी वालेहो कंपनीचा 'मॉडेल कलर' जास्त सोयीचा, पण त्यात अल्कोहोल घातलं तर रंगाची रबरासारखी गुठळी होते.

किटमधला ब्रश बारीकसारीक कामाला ठेवा. पंखांना 6 ते 8 मिलिमीटर रुंदीचा चपटा सिंथेटिक ब्रश लागतो, नौपाड्यात किंवा वाशीला सेक्टर 17 मध्ये चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात सहज मिळेल. बारीक कामासाठी 000 नंबरचा घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण त्यात रंग इतका कमी मावतो की विमानापर्यंत पोचेतो टोकावरच वाळतो. चांगल्या टोकाचा 1 नंबर घ्या.

ब्रश अर्ध्यापर्यंतच बुडवा, एक बाजू टिश्यूवर टेका आणि एका पॅनेलच्या रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंत सलग ओढा. ओढलेल्या जागी परत जायचं नाही, राहिलेला ठिपका दिसला तरी नाही. मिनिटभरात रंगावर साय धरते आणि दुसऱ्यांदा फिरलेला ब्रश त्या सायीत नांगरासारखी सरी पाडतो. तुमच्या रेषांना घट्ट रंगाबरोबर बहुतेक हेही कारण आहे. पहिला हात पंखाच्या लांबीच्या दिशेने, दुसरा त्याला आडवा, तिसरा हवा वाहते त्या दिशेने, म्हणजे पुढच्या कडेकडून मागच्या कडेकडे. पहिला हात पातळ चुना मारल्यासारखा भिकार दिसणारच. बरेच जण इथेच धीर सोडून जाड रंग थापतात. तिसऱ्या हाताला रंग भरतो, फिकट रंगाला चौथा लागतो.

क्रम फिकटाकडून गडदाकडे. कॉकपिटचा आतला राखाडी-हिरवा मात्र विमानाच्या अंगाचे दोन्ही अर्धे चिकटवण्याआधीच (हंब्रोल कंपनीच्या रंगांतला 78 नंबर; पुढच्या कंसांतलेही तिचेच), नंतर तिथे ब्रश पोचत नाही. बाहेरून आधी पोटाचा फिकट 'स्काय' (90), मग वरचा तपकिरी 'डार्क अर्थ' (29), शेवटी 'डार्क ग्रीन' (30). हिरव्याचे पट्टे आधी एचबी पेन्सिलने अगदी हलके आखून घ्या. पहिली कड 1 नंबरने ओढा, मग आतला भाग चपट्याने भरा. या विमानांना कॅमोफ्लाजचे, म्हणजे शत्रूपासून लपवणाऱ्या पट्ट्यांचे, ए आणि बी असे दोन नमुने होते, एकमेकांची आरशातली प्रतिमा. म्हणून नेटवर सापडलेल्या फोटोत पट्टे उलटे दिसले तर गोंधळू नका, आपल्या किटच्या कागदावरचंच धरा. प्रोपेलरच्या पात्यांची पिवळी टोकं मात्र थेट काळ्यावर रंगवू नका, आधी पांढरा हात, मग पिवळा.

पंखांवरच्या गोल चिन्हांबद्दल आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो: भारतीय हवाई दलाची खूण लावू का? दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून चिन्हातला लाल रंगच काढून टाकला होता, निळा आणि फिकट निळा एवढंच ठेवलं होतं. पण भारतीय स्क्वाड्रनकडे तिथे आली ती मार्क 8, म्हणजे नंतरच्या आवृत्तीची विमानं. तुमच्या किटमधलं मार्क 1 आहे, त्यावर ती खूण बसत नाही.

मास्किंग टेप भिंत रंगवणाऱ्यांची घेऊ नका, तिचा गोंद रंग ओरबाडतो. मॉडेलसाठीची 6 मिलिमीटरची टेप घ्या, ती आधी हाताच्या पालथ्या बाजूला एकदा चिकटवून मगच विमानावर लावा आणि कड टूथपिकने दाबून बसवा. काढताना स्वतःवरच दुमडून, हळू.

कॅनपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची, चौकट थरथरत्या हाताने रंगवण्यापेक्षा टेपची एक पट्टी वेगळ्या सपाट काचेवर पसरा, तिला आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही रंगांचे हात द्या, वाळल्यावर स्टीलपट्टी आणि ब्लेडने मिलिमीटरभर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि चौकटीवर बसवा. कॅनपी फेविक्विकसारख्या गोंदाने चिकटवायची नाही, त्याच्या वाफेने कॅनपी आतून पांढरी पडते. साधं फेविकॉल टूथपिकच्या टोकावर घ्या, वाळल्यावर दिसतही नाही.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, थेट मॅट (बिनचमकीच्या) रंगावर लावले तर खरखरीत पृष्ठभागात हवा अडकते आणि कडेला चंदेरी चकाकी दिसते. म्हणून आधी ग्लॉस वार्निशचे दोन पातळ हात, एक दिवस थांबा, मग डिकल. कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद बुडवा, बाहेर काढून मिनिटभर ठेवा. बोटाने सरकवून बघा, आपणहून सरकलं तरच विमानावर न्या. शेवटी मॅट वार्निश.

पावसाळ्यामुळे काम थांबवायची गरज नाही. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता वारंवार 80 टक्क्यांच्या वर असते, ब्रशच्या ॲक्रिलिकला त्याने फक्त उशीर होतो. डिसेंबरात दोन तासांत पुढचा हात देता येतो, तिथे आत्ता रात्रभर थांबा. रंगवताना पंखा बंद, आणि वाळताना विमानावर प्लास्टिकचा डबा उपडा घाला, एका बाजूने पेन्सिल लावून जरा उचललेला, म्हणजे ओल बाहेर जाईल आणि धूळ आत येणार नाही. घोडबंदर रोडसारख्या धुळीच्या रस्त्याला लागून राहणाऱ्यांनी तर बारा महिने डबा घालावा. इनॅमलच्या, म्हणजे तेलातल्या रंगांच्या डब्या मात्र दिवाळीनंतरच उघडा, आत्ता ते तीन-चार दिवस चिकट राहतात.

खरी जपण्याची गोष्ट स्प्रेमधलं मॅट वार्निश. दमट हवेत ते मारलं की पाण्याचा अंश थरात अडकतो आणि गडद हिरव्यावर राखेसारखी पांढुरकी झाक येते. आली तर खरवडू नका. कोरड्या दिवशी वरून ग्लॉसचा हात द्या, बहुतेक वेळा झाक जाते, मग पुन्हा मॅट. पावसाळ्यात ब्रशने लावायचं मॅट वार्निशच वापरा आणि बाटली दोन मिनिटं हलवा. मॅटपणा आणणारी पूड तळाशी बसलेली असते, नाहीतर अर्धा पंख चमकतो.

एअरब्रश कधी घ्यावा? कडा धूसर असलेलं कॅमोफ्लाज किंवा जर्मन विमानांच्या अंगावरचे फवारलेले ठिपके करायची वेळ आली की. तोवर ब्रशने तीन-चार विमानं होऊ द्या. घ्याल तेव्हा 0.3 मिलिमीटर नोझलचा, टाकी असलेल्या कॉम्प्रेसरसोबत घ्या, दाब 15 ते 20 पीएसआय. टाकी असली की मोटर अधूनमधूनच चालते, खालच्या मजल्यावरचे रात्री दार वाजवत नाहीत. आणि नळीवर मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी डबी, असलाच पाहिजे. आपल्या खाडीकाठच्या हवेत त्याशिवाय ऐन पंखाच्या मधोमध नोझलमधून पाण्याचा थेंब पडतो.