पिसं झडलेली कोंबडी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळीच्या आगेमागे परसातल्या खुराड्यात पिसांचा सडा पडू लागतो आणि आमच्या टपालातही तोच विषय येतो. त्यातली काही निवडक पत्रं.

प्रश्न : आमच्याकडे चार गावठी आणि दोन आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड जातीच्या) कोंबड्या आहेत. एका आरआयआरची पिसं पंधरा दिवसांत इतकी झडली, की ती सोलल्यासारखी दिसते. अंडी बंद. खाते, पण एका कोपऱ्यात उभी राहते. कोणतं औषध द्यावं? (जुन्नर)

बहुधा औषधाची गरज नाही. दीड वर्षाच्या आसपास कोंबडी पहिल्यांदा सगळी पिसं बदलते आणि पुढे साधारण दरवर्षी. याचं मुख्य कारण म्हणजे लहान होत जाणारा दिवस. आपल्याकडे जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असलेला दिवस डिसेंबरात अकरा तासांवर येतो. ही घट शरीराला कळली की अंडी थांबतात आणि पिसं सुटू लागतात. तुरा लहान आणि फिका पडतो, तेही यातच आलं.

पिसं डोकं आणि मान, मग छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपूट अशा क्रमानं जातात. हा क्रम साधारण जुळत असेल तर निम्मी काळजी संपली. उरलेली निम्मी हाताने तपासून मिटते. उघड्या कातडीवर निळसर, टोकदार काड्या लागतात का ते पाहा. ते नव्या पिसांचे कोंब. ते आहेत म्हणजे गाडी रुळावर आहे.

एकदम उघडी पडणारी कोंबडी पाहून लोक घाबरतात, पण ती बहुतेक वेळा चांगली अंडी देणारी असते. ती उशिरा पिसं टाकते, एकदम टाकते आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा सज्ज होते. पंखाचं एकेक पीस टाकत चार-पाच महिने रेंगाळते, ती खरी आळशी.

मात्र दिवसभर चाऱ्याला तोंड लावलं नाही, हिरवट पातळ विष्ठा आली, श्वासात घरघर आहे, मान वळते आहे किंवा डोळा सुजला आहे, तर हा पीसबदल नव्हे. त्या पक्ष्याला लगेच वेगळं काढा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. एकाच वेळी अनेक पक्षी पटापट मरू लागले तर त्यांना हात न लावता दवाखान्याला कळवा.

प्रश्न : पिसं लवकर यावीत म्हणून काय खाऊ घालावं? सध्या लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) आणि मूठभर ज्वारी देतो. (सातारा)

ज्वारी आधी कमी करा. पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन, वजनाच्या 85 ते 90 टक्के. दाण्यांनी पोट भरतं, पण पीस त्यातून घडत नाही. लेअर खाद्यात प्रथिनं 16-17 टक्के असतात आणि कॅल्शियम साडेतीन-चार टक्के. अंडी बंद असलेल्या कोंबडीला एवढं कॅल्शियम नको असतं, उलट मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून या काळात 18 ते 20 टक्के प्रथिनांचं स्टार्टर (पिलांचं) किंवा ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं) खाद्य द्या. पोत्याला शिवलेल्या चिठ्ठीवर टक्केवारी असते, ती वाचूनच घ्या. ज्या अजून अंडी देतात त्यांच्यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्याला हवं तो खाईल.

घरी मिसळायचं तर 10 किलोसाठी मक्याची भरड साडेपाच किलो, सोयाबीन पेंड 2 किलो, तिळाची पेंड पाऊण किलो, भाताचा कोंडा 1 किलो, बिनमिठाची सुकट कुटून अर्धा किलो आणि कोंबड्यांचं खनिज मिश्रण पाव किलो. प्रथिनं 20 टक्क्यांच्या जवळ जातात. मोठ्या कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम लागतं. दिवसभर बाहेर चरणाऱ्या गावठीला संध्याकाळी 40 ग्रॅम पुरे.

तिळाची पेंड मुद्दाम घातली आहे. पीस घडवायला मेथिओनिन हे अमिनो आम्ल लागतं. ते शेंगदाणा पेंडीत कमी असतं, तीळ आणि मासळीत बरं. शेंगदाणा पेंड स्वस्त म्हणून तीच ओतणाऱ्यांच्या कोंबड्या पोटभर खाऊनही उघड्या राहतात. त्यात पेंडीला बुरशीचा वास असेल तर ती फेकाच, बुरशीचं विष यकृत खातं. कच्चं सोयाबीन दळून घालू नका, त्यातले घटक प्रथिनं पचू देत नाहीत. बाजारातली सुकट खारट लागली तर भिजवून, दोनदा पाणी बदलून, वाळवून मगच द्या. शेतात वाळवी मिळत असेल तर ती कोंबड्यांपुढे टाका, यापेक्षा चांगलं खाद्य विकत मिळत नाही. पण वारुळावर औषध मारलेलं नाही ना, एवढं पाहा.

प्रश्न : बाकीच्या कोंबड्या तिला टोचतात. काल पंखातून रक्त आलं ते थांबेना. (लातूर)

नव्या कोंबात रक्तवाहिनी असते, म्हणून तो तुटला की रक्त वाहतं. जागा स्वच्छ कापडानं तीन-चार मिनिटं घट्ट दाबून धरा, मग हळद भरा. तरीही थांबलं नाही तर दवाखान्यात न्या. कोंब स्वतः उपटू नका. रक्ताचा लाल रंग दिसला की इतर कोंबड्या तिथेच टोचतात, म्हणून जखमेवर जेन्शन व्हायोलेट (जखमेचं जांभळं औषध) लावून रंग झाकायचा.

टोचणं चालूच असेल तर तिला जाळीआड ठेवा, पण बाकीच्यांना दिसेल अशी. पूर्ण नजरेआड ठेवून दहा दिवसांनी परत सोडलीत तर पुन्हा मारामारी होते. अनेकदा चूक जागेची असते : एकच खाद्यभांडं, एकच पाण्याचं भांडं. दोन-दोन ठेवा, लांब लांब. आणि तिला उगाच उचलू नका, कोंबांवर दाब पडला की दुखतं. उचलावीच लागली तर रात्री, दोन्ही हात पोटाखाली घालून.

प्रश्न : इथे जानेवारीत कडाका असतो. उघड्या कोंबडीला स्वेटर घालावा का? (निफाड)

नको. स्वेटरनं कोंब मोडतात आणि आत उवा माजतात. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधा, पण वरची वीतभर जागा हवेला मोकळी सोडा. सगळं बंद केलं तर विष्ठेचा अमोनिया साठतो आणि मग सर्दीचं दुखणं वेगळंच. खाली भाताच्या तुसाचा चार-पाच इंच थर द्या, ओला झाला की बदला. अंग जड झालेली कोंबडी उंच दांडीवरून उडी मारताना धडपडते, म्हणून दांडी फूटभरावर आणा.

प्रश्न : आमच्या दोन कोंबड्यांची फक्त पाठ उघडी आहे, एकीची गुदाजवळची पिसं गेलीत आणि एकीची मान लहानपणापासूनच उघडी आहे. हे सगळं पीसबदलच का? (सावंतवाडी)

एकही नाही. पाठ आणि डोक्यामागची पिसं तुटलेली असतील तर काम कोंबड्याचं. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असाव्यात, तो कमी जणींवर बसत असेल तर त्याला काही दिवस वेगळा ठेवा.

गुदाजवळ पिसांच्या बुंध्याशी पांढरे पुंजके दिसले तर ती उवांची अंडी. रात्री टॉर्च घेऊन दांडीखालच्या फटीही पाहा. लाल बारीक किडे दिवसा तिथे लपतात आणि अंधारात रक्त पितात. फटींना चुना भरा. पशुवैद्यकाला विचारून परमेथ्रिनची पावडर वापरा आणि दहा दिवसांनी पुन्हा मारा, कारण पहिल्या खेपेत किड्यांची अंडी मरत नाहीत. राख-मातीचं न्हाणं कायम उपलब्ध ठेवा. रॉकेल चोळू नका, कातडी भाजते.

उघड्या मानेची ती जातच तशी. उकाड्यात ती इतरांपेक्षा सुखी असते.

प्रश्न : मे महिन्यात मानेची पिसं झडून अंडी बंद झाली. (जळगाव)

पाणी तपासा. उन्हाळ्यात दोन वेळा भांडं भरून भागत नाही. एक दिवस कोरडं गेलं तरी कोंबडी पिसं टाकते. खुराड्याजवळचा रात्रभर जळणारा दिवा अचानक बंद केला तरी हेच होतं.

प्रश्न : या काळात जंताचं औषध आणि लस द्यावी का? अंडी कधी सुरू होतील? (चंद्रपूर)

आसपास मानमोडीची (राणीखेत रोगाची) साथ नसेल तर औषध आणि लस, दोन्ही नवी पिसं उमलेपर्यंत थांबवा. जंतावरचं फेनबेंडाझोल तर या दिवसांत नकोच, त्यानं नवी पिसं वेडीवाकडी येऊ शकतात. अंड्यांसाठी मधेच दिवे लावून दिवस वाढवू नका. नवी पिसं पूर्ण आली, तुरा पुन्हा लाल होऊन भरला की पहिलं अंडं जवळ आलं असं समजा आणि लेअर खाद्य आठवडाभरात हळूहळू बदलून आणा. आता अंडी आधीच्या वर्षापेक्षा कमी, पण आकारानं मोठी येतील.