स्पेनमधल्या बुर्गोसच्या मानवी उत्क्रांतीच्या म्युझियममध्ये खरे जीवाश्म बघायला मिळतात की नुसत्या प्रतिकृती? त्यासाठी एक दिवस काढावा का?

खरे मिळतात, आणि त्यासाठीच एक दिवस काढा. मलाही जाण्याआधी हीच शंका होती, कारण असल्या ठिकाणी बऱ्याचदा काचेमागे कॉपी असते आणि अस्सल कवटी कुठल्यातरी कपाटात कुलूपबंद. इथे तसं नाही, कारण जिथे हे सगळं सापडलं ते आतापुएर्काचे डोंगर बुर्गोस शहरापासून जेमतेम 15 किलोमीटरवर आहेत आणि तिथे अजूनही दर उन्हाळ्यात खोदकाम चालतं.

गंमत म्हणजे ही जागा उघडी पडली ती 19व्या शतकाच्या अखेरीस, खाणीच्या रेल्वेसाठी डोंगर कापला म्हणून. पुढे 1976 मध्ये एक जण पीएचडीसाठी अस्वलांची हाडं शोधत होता, त्याला माणसाचा जबडा सापडला, मग 1978 पासून जीवाश्मांचे अभ्यासक एमिलियानो आगिर्रेंनी रीतसर काम सुरू केलं.

म्युझियममध्ये शिरलात की आधी सरळ खाली, तळमजल्याच्याही खाली जा, खरा माल तिथेच आहे. आतापुएर्कात 'हाडांचा खड्डा' म्हणून एक जागा आहे, गुहेच्या आत सुमारे 13 मीटर खोल उभी विहीरच म्हणा ना, तिच्या तळाशी किमान 28 माणसांची हाडं निघाली, वय साधारण 4 लाख 30 हजार वर्षं. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध कवटी मिगेलोन, 1992 ची, सायकलपटू मिगेल इंदुराइनवरून नाव ठेवलंय. त्याच्या वरच्या जबड्यात डावीकडे दाताचं इन्फेक्शन झाल्याच्या खुणा आहेत, ते गालाकडे पसरलेलं. मी तिथे पंधराएक मिनिटं उभा होतो, दाढ दुखली की आपण काय होतो ते आठवत. शेजारी एल्विस नावाचं कमरेचं हाड आहे, हा पंचेचाळिशी पार केलेला आणि पाठीने वाकलेला, म्हणजे शिकार वगैरे त्याला जमत नसणार आणि तरी तो जगला, कोणीतरी खायला देत असणार असं संशोधक म्हणतात.

एक्सकॅलिबर चुकवू नका. लालसर क्वार्टझाइटची, म्हणजे एका कठीण दगडाची हातकुऱ्हाड, अख्ख्या खड्ड्यात दगडाचं हत्यार म्हणून हे एकच सापडलं, 1998 मध्ये. मृतांसाठी मुद्दाम टाकली असं उत्खनन करणारी टीम मानते. मला हे थोडं ओढून ताणून वाटतं, एका कुऱ्हाडीवर एवढा इमला कशाला, पण बघायला ती देखणी आहे हे नक्की. आणि खड्ड्यातली ही माणसं कोण, यावरही बराच घोळ झाला, 2013 मध्ये मायटोकॉन्ड्रियल डीएनए (फक्त आईकडून येणारा) काढला तर तो डेनिसोव्हन या आशियातल्या आदिमानवांच्या जवळचा निघाला, मग 2016 मध्ये पेशीकेंद्रातला डीएनए मिळाला तेव्हा कळलं की ही निअँडरथलच्याच वाटेवरची मंडळी.

त्याच मजल्यावर आतापुएर्कातल्याच ग्रान डोलिना या दुसऱ्या गुहेतला होमो अँटेसेसर हा आदिमानव आहे, 8 लाख वर्षांहून जुना, त्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे ही माणसं माणसंच खात होती. लहान मुलं बरोबर असतील तर हे कसं सांगायचं ते आधी ठरवून ठेवा.

वरचे मजले पटापट उरका. डार्विनचं बीगल जहाज, मेंदूचं अवाढव्य मॉडेल वगैरे छान आहे, पण तसलं इतरत्रही बघायला मिळतं. फ्रेंच शिल्पकार एलिझाबेथ डेनेसने केलेले आदिमानवांचे पुतळे मात्र थांबून बघा, नजर एवढी जिवंत की मी दोनदा मागे वळून पाहिलं.

आतापुएर्काला बस म्युझियमपासूनच सुटते, बुकिंग आधी करा. आणि आधी म्युझियम, मग साइट. मी उलटं केलं, डोक्यावर हेल्मेट घालून रेल्वेच्या त्या चरात उभा राहिलो तर समोर नुसते मातीचे थर आणि परांची, आणि हाडांच्या खड्ड्यात तर टुरिस्टना नेतच नाहीत.