सीआयपी रोज होतं, तरी दुपारी काउंट का चढतो?

तुमच्या दुधाच्या प्लँटमध्ये सीआयपी (यंत्रं न उघडता आतून रसायनांनी धुणं) रोज होतं, तरी सकाळच्या पहिल्या पाउचांचा काउंट (दुधातल्या जिवाणूंची संख्या) चांगला, दुपारपर्यंत चढलेला, म्हणून धुण्याचं कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) दीड टक्क्यावरून अडीच करू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. कॉस्टिक फार तीव्र झालं की प्रथिनांचा साका सुटण्याऐवजी वरून घट्ट होतो.

कच्चं दूध दिवसभर एकाच टँकमधून येत असेल, तर तासागणिक चढणारा काउंट प्लँटमध्येच तयार होतोय. माझा पहिला संशय पाश्चरायझरमधल्या रिजनरेशनच्या प्लेटांवर, म्हणजे जिथे तापलेलं दूध येणाऱ्या थंड दुधाला उष्णता देतं. ७२ अंशांवर १५ सेकंद राहूनही काही जिवाणू वाचतात. दूध थंड होत परतताना हे जिवाणू ५० ते ३० अंशांच्या टप्प्यातल्या प्लेटांवर बसतात. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस (हो, विरजणातलाच!) तिथे झपाट्याने वाढतो आणि आठ-दहा तासांच्या रनमध्ये (सलग चालवण्यात) थरातून सुटून दुधात येत राहतो. जिओबॅसिलससारख्या उष्णताप्रेमी जिवाणूंना ५५-६० अंश मानवतात. दूध पावडरवाल्यांची डोकेदुखी तीच.

स्टीलच्या गुळगुळीतपणावर सगळे भर देतात. ०.८ मायक्रॉनच्या आत फिनिश (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) हवंच, पण दूध लागताच स्टीलवर प्रथिनांचा पातळ थर बसतो आणि जिवाणूला तेवढा आधार पुरतो. त्यापेक्षा जुने, भेगाळलेले रबरी गॅस्केट बघा. भेगेत कॉस्टिक नीट पोचतच नाही. पाणी जड असेल आणि ॲसिड वॉश टाळत असाल, तर मिल्कस्टोन (क्षारांचा कडक थर) साचतो आणि त्याच्या खडबडीत थराखाली जिवाणू सुखात राहतात. बंद टोकाच्या पाइपांतही तेच. सीआयपीचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या खाली गेला, तर रसायन कितीही चांगलं असो, घासलं जात नाही.

अंदाजावर खर्च करण्याआधी दर दोन तासांनी बॅलन्स टँक (पाश्चरायझरआधीची टाकी), पाश्चरायझरचा आउटलेट आणि पाउच मशीन, तिन्हीकडून नमुने घ्या. काउंट मोजायच्या नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या प्लेटांसोबत काही प्लेटा ४५ आणि ५५ अंशांवरही ठेवा. आउटलेटलाच ४५ चा आकडा चढत असेल, तर रन तोडून मध्ये सीआयपी घ्या. आउटलेट स्वच्छ आणि पाउचमध्ये कोलिफॉर्म (पाश्चरायझेशननंतर घाण शिरल्याची खूण असलेले जिवाणू) निघाले, तर पाश्चरायझरला हात लावू नका, पाउच मशीनचा फिलर उघडा.

आणि कच्च्या दुधाच्या सायलोला (साठवणटाकीला) विसरू नका. ४ अंशांवरही स्यूडोमोनास हा जिवाणू वाढतो. तो स्वतः पाश्चरायझेशनमध्ये मरतो, पण त्याची प्रथिनं आणि चरबी तोडणारी प्रोटीएज-लायपेज एन्झाइमं टिकतात. तेव्हा काउंट उत्तम असूनही दूध कडवट लागल्याची तक्रार आली, तर शोध तिथून सुरू करा.