सिबिलवर ‘सेटल्ड’ शेरा: साडेदहा टक्क्यांचं गृहकर्ज घ्यावं की थांबावं?

प्रश्न (थोडक्यात): हातात येणारा पगार ८५,००० रुपये. पुण्यात ५० लाखांचा रीसेल फ्लॅट पसंत आहे, ४० लाखांचं कर्ज हवं आहे. शिल्लक १४ लाख. २०२१ मध्ये क्रेडिट कार्डाची १,१२,००० ची थकबाकी ६०,००० भरून सेटल केली होती (बाकीची बँकेने सोडून दिली), म्हणून सिबिल अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा आहे. सध्या मिळून दीड लाख मर्यादेच्या दोन कार्डांवर १,२०,००० बाकी आहे आणि बाइकचे ६,२०० चे पाच हप्ते उरलेत. सिबिल स्कोअर ६६८. बँकेने नकार दिला, एक गृहवित्त कंपनी १०.५ टक्क्यांनी द्यायला तयार आहे. एक एजंट १५,००० रुपयांत महिन्याभरात स्कोअर ७५० करून देतो म्हणतो. काय करू?

उत्तर: एजंटला आजच नाही म्हणा. ही मंडळी तुमच्या नावाने क्रेडिट ब्युरोकडे (सिबिलसारख्या, कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे) धडाधड तक्रारी टाकतात. बँकेने ‘नोंद बरोबर आहे’ असं कळवलं की शेरा जागच्या जागी राहतो. तुमचे १५,००० मात्र जातात, शिवाय ओटीपी आणि पॅनचा तपशील परक्या हातात पडतो.

आता गृहवित्त कंपनीचा देकार. ४० लाख, २० वर्षं: बँकेचा दर ८.५ टक्के धरला तर हप्ता सुमारे ३४,७००, या कंपनीच्या १०.५ टक्क्यांना ३९,९००. फरक महिन्याला ५,२००. बहुतेक बँका सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याच्या आसपास ठेवायला सांगतात. बाइक धरून तुमचं प्रमाण ८.५ ला ४८ टक्के आणि १०.५ ला ५४ टक्के होतं. नंतर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवता येईल हे खरं, आणि फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंडही नसतो. पण नव्या बँकेची प्रोसेसिंग फी आणि कागदपत्रांचा खर्च पुन्हा येतो, आणि शेरा तसाच असेल तर नवी बँकही तोच नकार देईल.

खरी अडचण मात्र तुम्ही विचारलेलीच नाही. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे तुमचे १० लाख लागणार. त्यावर पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क, ३.५ लाख, आणि नोंदणीचे ३०,००० हे कर्जात धरले जात नाहीत. झाले १३.८ लाख. उरले २०,००० आणि डोक्यावर कार्डांचे १.२ लाख, दलाली, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क तर अजून धरलंच नाही. स्कोअर ८०० असता तरी हा व्यवहार मी आज करू नका म्हटलं असतं.

म्हणून किमान आठ महिने थांबा. थांबणं फुकट नसतं. फ्लॅट वर्षात ५ टक्के वाढला तर अडीच लाख जास्त मोजावे लागतील. तरीही गंगाजळीशिवाय २० वर्षांचा हप्ता गळ्यात बांधून घेणं त्याहून महाग पडेल.

पहिलं काम कार्डांचं. १.२ लाख पूर्ण भरा. तुम्ही मर्यादेच्या ८० टक्के वापरताय, ते प्रमाण ३० च्या खाली आलं की स्कोअरवर सर्वांत लवकर फरक दिसतो. स्टेटमेंटच्या तारखेआधीच भरा, कारण ब्युरोकडे सहसा स्टेटमेंटवरची बाकी जाते. भरल्यावर जुनी कार्डं बंद करू नका, उपलब्ध मर्यादा घटते.

मग ‘सेटल्ड’ शेरा. याचा अर्थ बँकेने ५२,००० सोडून दिले. जुन्या बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारी हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला) लिहून आज नेमकी किती रक्कम भरायची ते विचारा. ती ५२,००० पेक्षा जास्तही सांगितली जाऊ शकते, तिथे घासाघीस करा. पैसे भरण्याआधी लेखी घ्या की खातं ब्युरोकडे ‘क्लोज्ड’ म्हणून कळवलं जाईल. इथेच बहुतेक लोक फसतात: वसुली एजंटच्या फोनवर विसंबून पैसे भरतात, ‘नो ड्यूज’ पत्र मिळतं आणि शेरा तसाच राहतो. पैसे बँकेच्या खात्यातच भरा, एजंटच्या यूपीआयवर नको. थकबाकी वसुली कंपनीला विकली गेली असेल तर अहवालात तिचं नाव दिसेल. मग पत्रव्यवहार तिच्याशी करा.

बँका आता ब्युरोंकडे महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा माहिती पाठवतात. महिन्याभरात शेरा बदलला नाही तर पत्र जोडून सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही ब्युरोंकडे तक्रार करा. प्रत्येकाचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो आणि स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. सिबिल स्वतःहून शेरा खोडत नाही, बँकेचा होकार लागतोच. आणि २०२१ चे उशीर अहवालातून लगेच पुसले जाणार नाहीत; बँक मुख्यतः गेल्या तीन वर्षांची महिनावार हप्तेफेड बघते, तिथे बाइकचे उरलेले पाच हप्ते वेळेवर गेलेच पाहिजेत.

या काळात कुठेही कर्जाचा अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते. पत्नीला सहअर्जदार केलं तर उत्पन्न वाढेल, शेरा लपणार नाही; अहवाल दोघांचेही काढले जातात.

हाच फ्लॅट हवा असेल आणि मालक थांबायला तयार असेल, तर विसार पावतीत ‘कर्ज मंजूर न झाल्यास विसाराची संपूर्ण रक्कम परत’ ही अट मुदतीसकट लिहून घ्या. मालक ती मानत नसेल तर एक रुपयाही देऊ नका.